खंड्याचा दिवस कोणी ठरवायचा?

विषय: गावाकडील आजारी कुत्र्याबाबत सल्ला हवा आहे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझे आईवडील खानापूर तालुक्यातील आमच्या गावी राहतात आणि त्यांच्यासोबत खंड्या हा आमचा मुधोळ जातीचा, तेरा वर्षांचा कुत्रा असतो. गेल्या दिवाळीनंतर तो वारंवार पाणी पिऊ लागला, रात्रीतून अनेकदा लघवीसाठी दार उघडायला लावू लागला आणि पाहता पाहता इतका खंगला की मुळातच सडपातळ असलेल्या या कुत्र्याच्या अंगावर आता बरगड्यांखेरीज काही दिसत नाही. बेळगावच्या पशुवैद्यांनी रक्त आणि सोनोग्राफी पाहून दोन्ही मूत्रपिंडे आकसल्याचे सांगितले. सलग सलाईन दिल्यानंतरही त्याचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे निकामी होतील तसा रक्तात वाढत जाणारा घटक, ६.८ च्या खाली उतरलेले नाही. तोंडाला उग्र वास येतो, हिरड्यांवर फोड आहेत आणि भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तो तोंड फिरवतो.

औषध देऊन त्याला शांतपणे जाऊ द्यावे, असा पर्याय डॉक्टरांनी एकदा सुचवला. वडील माळकरी आहेत. त्यांनी तो विषय तेथेच थांबवला. आई फोनवर एवढेच म्हणते, “तू सांग, तसं करतो की.” शेजारच्या एका गृहस्थांनी त्याला जांबोटीकडच्या रानात नेऊन सोडण्याचाही सल्ला दिला, तो अर्थात कोणी मानला नाही. मी गणपतीला गावी येणार आहे आणि तोपर्यंत त्याला कसेही करून टिकवायचे, असे दोघांनी मनाशी ठरवले आहे, हे मला चुलतभावाकडून कळले. व्हिडिओ कॉलवर माझा आवाज ऐकला की खंड्या मान वर करतो आणि शेपूट हलवतो; ते पाहिल्यावर काही बोलण्याचा धीर मला होत नाही. अशा वेळी काय पाहून ठरवावे आणि ते कोणी ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

— मूळचा खानापूर तालुक्यातील एक सभासद

*

विषय: उत्तर – गावाकडील आजारी कुत्र्याबाबत

स.न.वि.वि.

मी मूळचा निपाणीचा. कर्नाटकाच्या पशुसंगोपन खात्यात सीमाभागातच नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आलो. गुरांच्या दवाखान्यात कुत्री कमी येत, पण जी येत ती बहुधा फार उशिरा येत, आणि म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहितो.

निर्णयाचा विचार करण्यापूर्वी आजार खरोखर न परतणारा आहे ना, याची खातरजमा करायची असते. आपल्या भागात गोचिडांपासून होणारा ताप कुत्र्याला असा पांढराफटक आणि निपचित करतो की घरची माणसे त्याची आशा सोडतात. वेळेत ओळखला तर हाच कुत्रा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने पुष्कळदा पुन्हा उभा राहतो. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाने मूत्रपिंडे एकाएकी निकामी होतात, तीही प्रतिजैविके आणि सलाईन यांनी काही वेळा सावरतात. शरीरातले पाणी आटले असले तरी क्रिएटिनिन फुगलेले दिसते. तुमच्या खंड्याच्या बाबतीत मात्र आजार महिनोन्‌महिने वाढत आला आहे, मूत्रपिंडे आकसलेली आहेत आणि आकडा सलाईननंतरचा आहे. आयरिस या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या वर्गवारीत कुत्र्याचे क्रिएटिनिन ५ च्या वर गेले की शेवटचा, म्हणजे चौथा टप्पा मानतात. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींत निरोगीपणीही हा आकडा थोडा जास्त असतो आणि मुधोळ त्याच बांध्याचा कुत्रा आहे, पण तो फरक दशांशातला असतो, ६.८ चा अर्थ त्याने बदलत नाही. आकसलेले मूत्रपिंड पुन्हा भरून येत नाही. सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि भूक वाढवणारी गोळी यांनी मिळतो तो अवधी, आणि तो त्याच्या सुखाचा असेल तोवरच त्याला मोल आहे.

एक गोष्ट आजच तपासा. गावात कुत्रा लंगडू लागला की मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी देण्याची पद्धत आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याला ती घातक ठरते. घरात तशी पट्टी असेल तर बंद करायला सांगा, आणि माणसांसाठी आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर कुत्र्याला कधीच देऊ नये.

आता काय पाहावे, याविषयी. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत की नाही, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवण्यासारखा मानायचा. मला ही बेरीज फारशी पटत नाही, कारण श्वासच लागत असेल तर बाकीच्या सहा बाबींत मिळालेल्या गुणांना काय अर्थ उरतो? पण चांगल्या-वाईट दिवसांचा हिशेब मात्र उपयोगाचा आहे. तुमच्या आईंना कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी रोज एक खूण करायला सांगा: खंड्या आपण होऊन उठला, काहीतरी खाल्ले आणि ते पोटात राहिले, तर टिंब, नाहीतर फुली. माणूस कालचा वाईट दिवस आजच्या बऱ्या तासात विसरतो, म्हणून ते कागदावर असलेले बरे. फुल्या टिंबांहून जास्त होऊ लागल्या की डॉक्टरांना बोलवायचे, हे आधीच, डोके शांत असताना ठरवून ठेवा.

व्हिडिओ कॉलवरच्या शेपटीवरून काही ठरवू नका. कुत्रा दुखणे लपवतो आणि ओळखीच्या आवाजाला अखेरपर्यंत प्रतिसाद देतो. तो प्रतिसाद खरा असतो, पण त्यावरून रात्र कशी गेली ते कळत नाही. ते ठाऊक असते ते त्याला उचलून अंगणात नेणाऱ्या माणसाला, आणि म्हणून दिवस ठरवण्याचा अधिकार माझ्या मते त्याच माणसाचा आहे. नैसर्गिक मरण येऊ द्यावे, असे पुष्कळजण म्हणतात. मूत्रपिंडाच्या आजारातले नैसर्गिक मरण म्हणजे रक्तात साचलेल्या विषाने होणाऱ्या उलट्या, तोंडातील जखमा, शुद्ध हरपणे आणि कधी कधी झटके. ते बहुधा रात्री येते आणि खानापूरहून बेळगाव गाठेपर्यंत वाटेतच जीपमध्ये संपते. मी तरी शेवटच्या झटक्याची वाट पाहण्यापेक्षा चार दिवस आधीचा, त्याला ऊन सोसवते आहे असा दिवस निवडा, असेच सांगेन.

प्रत्यक्ष कृतीची भीती ती माहीत नसल्यामुळे वाढते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात; खंड्या मांडीवर डोके ठेवून झोपेल. मग शिरेत सुई ठेवून भुलेच्या औषधाची मोठी मात्रा देतात. परदेशात पेंटोबार्बिटल वापरतात, ते आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी थायोपेंटोन असते. मेंदू आधी बंद होतो, मग श्वास, मग हृदय, आणि हे काही मिनिटांत होते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखाद-दुसरा आचका किंवा स्नायूंची थरथर दिसते आणि लघवी होते. यातले काहीही त्याला जाणवत नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा: पूर्ण भूल चढल्याशिवाय मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराईड ही हृदय थांबवणारी औषधे देणार नाही ना? शुद्धीवर असलेल्या जनावराला ती देणे क्रूरपणाचे आहे, आणि हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान मुळीच नाही.

औषध शरीरात राहते, म्हणून पुरताना खड्डा कमरेएवढा तरी खोल हवा, विहिरीपासून लांब हवा आणि वर दगड रचायला हवेत, नाहीतर कोल्ही-कुत्री उकरून खातात आणि तीही मरतात. तुमच्याकडच्या जांभ्यात पाऊस लागला की खड्ड्यात पाणी भरते, तेव्हा जागा वळिवाच्या दिवसांतच पाहून ठेवावी. कायद्याबाबत एवढेच सांगतो की १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे तो उपाशी-तहानलेले मरेल अशा जागी जनावर सोडून देण्याचा. ज्याला जिवंत ठेवणेच क्रूरपणा ठरेल अशा जनावराचा अंत करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. शेजाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

— मूळचा निपाणीचा एक सभासद

*

विषय: उत्तर – गावाकडील आजारी कुत्र्याबाबत

सप्रेम नमस्कार,

डॉक्टरकाकांच्या पत्रातील वैद्यकीय भागाबद्दल मी बोलण्याचा प्रश्नच नाही, पण जो सांभाळतो त्यानेच ठरवावे या मताशी मी अर्धीच सहमत आहे. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीत काय किंवा खानापुराकडे काय, आपल्या आईवडिलांच्या पिढीतले कोणी “आता पुरे” हे शब्द आपण होऊन उच्चारणार नाही. त्यांच्यावर सोपवणे म्हणजे निर्णय न होऊ देणे. आई “तू सांग” म्हणते तेव्हा ती सल्ला विचारत नसते; दोष कोणावर येणार नाही, एवढे तिला कळायला हवे असते. म्हणून पहिले वाक्य तुम्हीच बोलायला हवे, आणि ते स्पष्ट हवे: “खंड्याला माझ्यासाठी थांबवून ठेवू नका. मी येईपर्यंत तो नसला तरी मी काही म्हणणार नाही.” दिवस त्यांनी ठरवावा, हे काकांचे म्हणणे त्यानंतरचे झाले.

वडिलांच्या मनात पापाचा प्रश्न असेल तर त्यांच्याशी वाद घालू नये, पण एक दाखला द्यावा. १९२४ साली आमच्या टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, हे बेळगावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच गांधींनी १९२८ साली साबरमती आश्रमातील, वाचण्याची आशा न उरलेल्या आणि तडफडणाऱ्या एका वासराला इंजेक्शन देऊन त्याचा अंत करवला. गाईचे वासरू, आणि तेही अहिंसेचा आग्रह धरणाऱ्याच्या आश्रमात! त्यांच्यावर संतापलेल्या पत्रांचा मारा झाला. त्यांनी आपल्या ‘नवजीवन’ साप्ताहिकामध्ये लेख लिहून आपल्या कृतीचे समर्थन केले आणि ही हिंसा नव्हे, हे मत सोडले नाही. माळकरी माणसाला हे पटेलच असे नाही, परंतु हा प्रश्न आपल्याआधी कुणालातरी पडला होता आणि त्याने तो टाळला नाही, एवढे तरी कळेल.

एक व्यावहारिक सूचना. संमतीपत्रक बहुधा कानडीत किंवा इंग्रजीत असते. बाजारापुरते कानडी आपल्या घरात सगळ्यांना येते, पण असा कागद वाचून सही करणे वेगळे. चुलतभाऊ आहेतच, तर त्यांनी तो आदल्या दिवशी आणून वडिलांना मराठीत समजावून सांगावा; सुई तयार ठेवून कोणाला वाचायला लावू नये.

— मूळची टिळकवाडीची एक सभासद

*

विषय: उत्तर – गावाकडील आजारी कुत्र्याबाबत

डॉक्टरकाका आणि ताई यांस सादर नमस्कार,

आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ताईंनी सुचवलेले वाक्य मी काल रात्री आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने फोन वडिलांच्या हातात दिला. गांधींची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली. “ते मोठे होते” एवढेच म्हणाले. पण थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन विचारले की डॉक्टर घरी येतील का, आणि एकादशी सोडून दुसरा कोणता दिवस घेता येईल का. मी दोन्हींना होय म्हटले आहे. बेळगावचे डॉक्टर घरी यायला तयार आहेत आणि आधी गुंगी, मग पूर्ण भूल, मगच पुढचे औषध असा क्रम त्यांनी न विचारताच सांगितला.

मेलॉक्सिकॅमची पट्टी घरात होती, ती बंद केली. कालनिर्णयवर खुणा सुरू झाल्या आहेत. आई टिंब द्यायला उदार आहे, असे चुलतभावाचे म्हणणे आहे, म्हणून फुली देण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले. काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला, विहिरीपासून दूर, खड्ड्याची जागा पाहिली असून पाऊस लागण्यापूर्वी तो खणून त्यावर फळ्या टाकून ठेवायचे ठरले आहे.

एक शंका उरली आहे. पुढच्या आठवड्यात क्रिएटिनिन पुन्हा तपासण्यासाठी खंड्याला बेळगावला नेण्याचे ठरले होते. आता तेवढा प्रवास त्याला घडवावा का, हे डॉक्टरकाकांनी कृपया कळवावे.

*

विषय: उत्तर – गावाकडील आजारी कुत्र्याबाबत

नेऊ नये. रक्ताचा नमुना घरीही घेता येतो, पण येणाऱ्या आकड्यामुळे तुमच्या ठरावात काही फरक पडणार नसेल तर तीही सुई टोचू नका. उलटीचे इंजेक्शन मात्र चालू ठेवा, आणि पाण्याचे भांडे त्याला न उठता तोंड घालता येईल इतके जवळ व थोडे उंचावर ठेवायला सांगा.