डॉक्टरांनी दिलेला माऊथवॉश किती दिवस चालू ठेवायचा? दातांवर तपकिरी डाग आलेत

उंबरठा:
नवऱ्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून स्केलिंग करून घेतलं होतं, तेव्हा डेंटिस्टनी एक माऊथवॉश लिहून दिला, तोही काही दिवसांपुरता. ते दिवस कधीच संपले पण साहेबांना तोंड एकदम फ्रेश वाटतं म्हणून बाटली संपली की दुसरी आणायची हे चालूच आहे. आता खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूने, हिरडीला अगदी लागून तपकिरी रेघ आलीये, वरच्या दातांच्या फटीतही तसंच, आणि जीभ मागच्या बाजूला काळपट दिसते. कितीही घासलं तरी जात नाही. त्यात रोज जेवताना मीठ कमी आहे मीठ कमी आहे अशी कुरकुर, बाकी कुणालाच कमी लागत नाही! हे दात किडायला लागलेत का? ब्रश केल्या केल्या लगेच वापरतो तो, ते बरोबर आहे का? मलाही एखादा घ्यायचाय पण निळे हिरवे जांभळे इतके प्रकार दिसतात की काय बघून घ्यायचा तेच कळत नाही. आणि आमचे ८ वर्षांचे चिरंजीव, त्यांनाही बाबांसारखं खळखळ करायचंय.

नाकासमोर:
बाटलीवर क्लोरहेक्सिडीन लिहिलंय का बघा आधी. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मला तोच दिला होता आणि जेवणाची चव पार गेली होती, खारट तर काहीच लागायचं नाही. बंद केल्यावर आपोआप परत आली. त्यामुळे मिठावरून भांडू नका :)

मोलर_बाई:
मी डेंटिस्ट आहे, पण तोंडात न बघता निदान करता येत नाही हे आधी सांगते. तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मात्र नाकासमोर म्हणतायत तेच डोक्यात आलं. क्लोरहेक्सिडीनचे डाग असेच येतात, हिरडीच्या कडेला, फटीत, जिभेवर, आणि चहा कॉफी जास्त असेल तर आणखी गडद. ही कीड नाही, वरवरचा डाग आहे. घरी घासून जाणार नाही, आणि कृपया खरखरीत पावडरींनी घासत बसू नका, इनॅमल जाईल आणि डाग तिथेच राहतील. क्लिनिकमधे पॉलिशिंग केलं की निघतात. दातांच्या रंगाचं सिमेंट भरलेलं असेल तर त्याच्या कडेचा डाग कधीकधी पूर्ण जात नाही, तेवढं तपासून घ्या.

औषध वाईट नाहीये, उलट माऊथवॉशमधे सगळ्यात दमदार तेच. ते दातांना आणि तोंडातल्या आतल्या त्वचेला चिकटून राहतं आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, म्हणून दिवसातून दोनदा पुरतं. पण याच चिकटपणामुळे डागही येतात, आणि किटणही जरा जास्त साठतं. म्हणून ते सर्जरीनंतर, हिरड्या सुजल्यावर, ब्रश लावताच येत नाही अशा वेळी, साधारण एक दोन आठवडे असं देतात. रोजच्या फ्रेशनेससाठी ते नाहीच.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. टूथपेस्टमधे फेस यावा म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट घातलेलं असतं, त्याचं आणि क्लोरहेक्सिडीनचं पटत नाही. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि औषधाचा जोर जातो. ब्रश केल्या केल्या लगेच घेतलं की निम्मं काम वाया. मधे निदान अर्धा तास, जमलं तर त्याहून जास्त अंतर हवं.

साधं_सोपं:
एवढी केमिकल्स तोंडात घ्यायचीच कशाला म्हणते मी. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या करा, फुकटात काम होतं. माऊथवॉश म्हणजे निव्वळ जाहिरातीचा खेळ. लिस्टरीनसुद्धा १८७९ मधे जंतुनाशक म्हणून निघालं होतं, पुढे १९२० च्या दशकात जाहिराती करून करून लोकांच्या मनात तोंडाच्या वासाची धास्ती घातली आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

मोलर_बाई:
@साधं_सोपं जाहिरातींबद्दल तुमच्याशी भांडण नाही. मिठाचं पाणीही छान आहे, तोंड आलं असेल, दात काढला असेल तर आम्ही स्वतःच सांगतो. फक्त दात काढल्यावर पहिले २४ तास कुठलीच चूळ जोरात भरायची नाही, मिठाची असो नाहीतर बाटलीतली. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून आली तर हाड उघडं पडतं आणि मग जे ठणकतं ते ज्याने भोगलंय त्यालाच विचारा. पण मीठ कीड थांबवत नाही, ते काम फ्लोराईडचं.

आणि मीठ असो की महागडी बाटली, प्लाक नुसत्या चुळीने निघत नाही. जंतूंचा तो चिकट थर असतो, करपलेल्या पातेल्यात पाणी फिरवून जेवढं निघतं तेवढंच वरवरचं जातं. रक्त ज्या फटीतून येतं तिथला थर ब्रश, फ्लॉस किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश यांनी खरवडूनच काढावा लागतो. उंबरठा, तुमच्या मिस्टरांना हे जरूर वाचून दाखवा, माऊथवॉश सुरू झाला की ब्रश उरकला जातो असा माझा अनुभव आहे.

उंबरठा:
बाप रे, बघून आले, बाटलीवर तेच नाव आहे, ०.२ टक्के. आणि ब्रश खरंच उरकला जातो, अर्धा मिनिटही नाही! वाचून दाखवलं तर म्हणतो मग ब्रशनंतर काय वापरू? फ्लोराईडवाला चालेल का लगेच?

मोलर_बाई:
लगेच काहीच नको :) टूथपेस्टमधे फ्लोराईड साधारण १००० ते १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग, असतं. रोज वापरायच्या फ्लोराईड माऊथवॉशमधे, म्हणजे ०.०५ टक्के सोडियम फ्लोराईडवाल्यात, सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे ब्रश करून जास्त ताकदीचं फ्लोराईड दातांवर लावायचं आणि लगेच कमी ताकदीच्या पाण्याने धुवून टाकायचं. ब्रशनंतर फेस थुंकायचा आणि सोडून द्यायचं, पाण्यानेही खळखळून चूळ भरायची नाही. सुरुवातीला विचित्र वाटतं, सवय होते. माऊथवॉश वापरायचाच तर दुपारी जेवणानंतर वगैरे वापरा, आणि त्यानंतर अर्धा तास खाणंपिणं नको.

तुम्हाला घ्यायचा असेल तर रंग बघू नका, मागचं बारीक अक्षरातलं वाचा. कीड लवकर लागत असेल, तारा लावल्या असतील तर सोडियम फ्लोराईड. हिरड्यांसाठी सीपीसी (सेटिलपिरिडिनियम क्लोराईड, एक जंतुनाशक) किंवा थायमॉल, युकॅलिप्टॉलसारखी तेलं असलेले. यातलं काहीच नसेल, नुसता मिंट आणि रंग, तर ते तोंडाचं अत्तर आहे, घ्या हवं तर. आणि फ्लोराईडची पेस्ट लावून दोनदा नीट ब्रश करत असाल, फटी साफ ठेवत असाल, हिरड्या ठीक असतील तर न घेतल्याने काही अडत नाही.

रात्रपाळी:
तोंडाच्या वासाबद्दल लिहितो कारण मी त्यावर बराच वैताग काढलाय. मला मिंटवाला मारला की तासाभराने वास परत जैसे थे. शेवटी कळलं की वास जिभेच्या पार मागून येत होता, तिथे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू असतात आणि ते गंधकाचे वायू सोडतात. टंग क्लीनर मागपर्यंत न्यायला लागलो, आधी उबळ यायची, आता नाही येत. वर झिंक असलेला माऊथवॉश, झिंक त्या गंधकालाच धरतं म्हणे. आणि अल्कोहोलवाला सोडला, माझी एक गोळी चालू आहे तिने आधीच तोंड कोरडं पडतं, त्यात ते जळजळीत पाणी म्हणजे आगीत तेल. लाळ कमी तर वास जास्त, कीडही जास्त.

नाकासमोर:
अल्कोहोलवाल्याने कॅन्सर होतो असं फॉरवर्ड फिरतं ते खरं का हो?

मोलर_बाई:
@नाकासमोर तसं सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि दारू पिणं यांचा धोका मात्र पक्का आहे, त्यामुळे काळजी तिकडे करा. पण अल्कोहोल नसलेले सहज मिळतात आणि काम तेवढंच करतात, तर जळजळ सोसायचीच कशाला? कोरड्या तोंडाच्या लोकांनी आणि व्यसन सोडलेल्यांनी तर तेच घ्यावेत.

@रात्रपाळी बरोबर केलंत. गोळीचं डॉक्टरांच्या कानावर घाला, कधीकधी बदलून मिळते, स्वतः मात्र बंद करू नका.

दिवसभर जंतुनाशकाच्या चुळा मारणाऱ्यांसाठी एक आणखी. जिभेवरचे सगळेच जंतू वाईट नसतात. पालेभाज्यांतलं नायट्रेट काही जंतू नायट्राईट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साईड बनतं आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. काही छोट्या अभ्यासांत क्लोरहेक्सिडीन वापरल्यावर रक्तदाब किंचित वाढलेला दिसलाय. घाबरायचं कारण नाही, पण विनाकारण महिनोन् महिने वापरू नये याला हे आणखी एक कारण.

साधं_सोपं:
म्हणजे शेवटी मी म्हणत होते तेच :P

उंबरठा:
खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः मोलर_बाईंचे. पॉलिशिंगची वेळ घेतलीये, बाटली बंद. छोट्याचं राहिलंच की!

मोलर_बाई:
६ वर्षांच्या आतल्या मुलांना अजिबात नाही, ती गिळतात. ८ व्या वर्षी कीड फार लागत असेल आणि डेंटिस्टने सांगितलं असेल तरच फ्लोराईडवाला, अल्कोहोल नसलेला, आणि मोठं माणूस समोर उभं असताना. त्याआधी साध्या पाण्यावर परीक्षा घ्या. १० मिली पाणी मोजून तोंडात द्या, अर्धा मिनिट खळखळू दे आणि कपात थुंकायला लावा. कपात पाणी कमी भरलं तर अजून वेळ आहे. बाबांची बाटली मात्र त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.