हब मोटर: बदलायची की उघडायची?

सिडकोकर: ई-सायकलची मागची गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली, २५० वॉट. थ्रॉटल दिला की घरघर ऐकू येते, चाक मात्र जागेवरच. वॉरंटी संपली आहे. विकणारा म्हणतो, अख्खी मोटर बदला. मला हे पटत नाही. आवाज येतो म्हणजे मोटर फिरते आहे. नायलॉनचे गिअर झिजले असतील किंवा क्लच (मोटरचा जोर एकाच दिशेनं चाकाला देणारा भाग) गेला असेल. तेवढ्यासाठी चांगलं तांबं आणि चुंबक भंगारात का घालायचे?

रोज अंबड: बदला. गिअरचे दात, व्यास, भोक, सगळं मापात जुळावं लागतं, आणि प्रत्येक मोटरचं माप वेगळं. गिअर शोधत महिना जातो. मला रोज एमआयडीसीत पोचायचं असतं. नव्या मोटरवर स्पोक भरलेलं तयार चाक बसवलं की संध्याकाळी सायकल रस्त्यावर. शिवाय उघडलेलं झाकण नीट बसलं नाही तर नाशिकच्या पावसात हॉल सेन्सर (फिरणारी मोटर कुठल्या स्थितीत आहे ते ओळखणारे) गंजलेच म्हणून समजा.

सातपूर वाइंडिंग: पाणी बहुधा एक्सलमधून (चाकाच्या आसातून) वायर आत जाते तिथून शिरतं. ती वाट नव्या मोटरलाही असते. वायरला एक्सलच्या खाली झोल ठेवा, थेंब तिथेच गळतो.

आणि आधी तपासा तरी! सिडकोकरांचा अंदाज बरोबर वाटतो. पण मोटर झटके देत असेल तर बॅटरी चालू ठेवून हॉल सेन्सरच्या काळ्या वायरला मल्टिमीटरचं एक टोक लावा, दुसरं तिन्ही सिग्नल वायरींना पाळीपाळीनं, आणि चाक हळूहळू उलटं फिरवा. सुलटं नको, क्लचमुळे आतली मोटर फिरतच नाही. रीडिंग शून्य ते पाच व्होल्टच्या आसपास वरखाली झालं पाहिजे. एकाच वायरीवर हललं नाही तर तो सेन्सर गेला. एवढ्याशा भागासाठी मोटर फेकणं मला बघवत नाही. वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलं असेल तर मात्र मीही बदलाच म्हणेन.

रोज अंबड: हे तुम्हाला जमतं, दादा. बाकीच्यांनी कुणाकडे जायचं? दुकानदार हात लावत नाहीत.

सिडकोकर: लावत नाहीत कारण कंपनी भाग देत नाही. २०२२च्या डिसेंबरात केंद्रानं राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण गिअरचा सेट मागितला की उत्तर ‘नवी घ्या’. वर ‘३५० वॉटची टाका’ हा सल्ला! २५० वॉटच्या वर गेलं की नोंदणी आणि लायसन्स लागतं, हे कुणी सांगत नाही.

रोज अंबड: ते खरं, २५०चीच घ्यावी. पण सायकलवाचून कामाला पोचलो नाही आणि पगार कापला जाणार असेल तर मी नवीच घेणार.

सातपूर वाइंडिंग: घ्या. जुनी मोटर दुकानात सोडू नका, एवढंच. तिचे गिअर आणि सेन्सर दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलला लागतील.