मिसोप्रोस्टॉल मिळत नाहीये, तातडीने मदत हवी

पाणकणीस: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या 4 गोळ्या फार्मसीवाला देत नाही. ‘कंट्रोल्ड आहे, क्लिनिकला विचारावं लागेल’ म्हणतो. क्लिनिक बंद झालंय. बायको कालपासून जेवलेली नाही. कुठे मिळतील, लगेच सांगा.

सुगरण: ही गर्भपाताला वापरतात तीच गोळी ना? कुठे आहात? गरोदरपणाचा कितवा आठवडा?

रानवाटा: 2021च्या नियमांनुसार 9 आठवड्यांपर्यंत गोळ्या देता येतात. 20 आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरांचं मत पुरतं.

पाणकणीस: अहो, भारतात नाही. बॅटन रूज, लुइझियाना. नववा.

मुळाकाठ: पुण्याहून कुणी येणार असेल तर मागवून घ्या की.

सुगरण: कृपा करून असलं सुचवू नका! लुइझियानात 1 ऑक्टोबर 2024पासून मिफेप्रिस्टोन (गर्भपाताची दुसरी गोळी) आणि मिसोप्रोस्टॉल दोन्ही शेड्यूल 4मध्ये, म्हणजे नियंत्रित औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय सापडल्या तर 5 वर्षांपर्यंत कैद. गर्भवतीला स्वतःपुरती सूट आहे, आणून देणाऱ्याला नाही.

ह्यूस्टनकर: आमच्या टेक्ससात डिसेंबर 2025पासून गोळ्या पाठवणाऱ्यावर कुणीही दावा लावू शकतं, किमान 1 लाख डॉलरचा.

सुगरण: त्यांचं टेक्सस नाहीये. पाणकणीस, गर्भपात करायचाय की आपोआप झालाय?

पाणकणीस: करायचा नाहीये हो! सोमवारी सोनोग्राफीत ठोकेच नव्हते. लिहायचं राहिलं. आईने धाडलेली दुपटी अजून खोक्यातच आहेत.

गोधडी: फार वाईट वाटलं. मी न्यू ऑर्लिन्सला प्रसूती विभागात नर्स आहे. ठोके थांबले असतील तर हे औषध इथे आजही कायदेशीर आहे. क्लिनिकच्याच नंबरवर फोन लावा, ऑन-कॉल डॉक्टर असतात. चिठ्ठीवर निदान लिहून पुन्हा पाठवा आणि फार्मासिस्टशी स्वतः बोला, असं त्यांना सांगा. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायलाही हीच गोळी लागते. पूर्वी ती हाताशी असायची, आता कुलपात. आणायला किती वेळ लागतो ते आम्ही घड्याळ लावून पाहिलं. जीव खालीवर होतो.

रानवाटा: त्यापेक्षा क्युरेटिंग करा. वहिनीचं गोळ्यांनी अर्धवट राहिलं होतं.

गोधडी: राहतं कधीकधी. पण काय करायचं ते पाणकणीस यांच्या पत्नीच ठरवतील. पाणकणीस, सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजले किंवा ताप चढला तर थेट इमर्जन्सीत न्या. आणि त्यांना थोडी पेज तरी द्या.

पाणकणीस: डॉक्टर लागले. निदान घालून पुन्हा पाठवतायत. फार्मसी 9ला बंद होते, निघतो.

सुगरण: मिळाल्या की कळवा.