मिसरातले कांदे : मागे फिरावंसं वाटलं तेव्हा (अनुभव धागा)

सलाम मंडळी.

बावीस वर्षं झाली, नगरला शब्बाथ शाळेत शिकवते. साक्षी, म्हणजे विश्वासात कसे आलो ते अनुभव, ऐकून ऐकून पाठ झाल्यात. दारू होती, सुटली. आजार होता, गेला. घरात भांडणं होती, मिटली. आणि सगळ्या साक्षी बाप्तिस्म्याच्या दिवशी संपतात. त्यानंतरच्या सोमवारी काय झालं, ते कोणी सांगत नाही.

परवा मुलांना बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ११वा अध्याय शिकवत होते. रानात रोज मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, खाऊन इस्राएल लोक कंटाळतात आणि रडायला बसतात. मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या होत्या, खरबुजं होती, कांदे, लसूण. एक पोरगा म्हणाला, "टीचर, पण तिथं ते गुलाम होते ना? मार खायचे ना?" म्हटलं, हो. "मग मार नाही आठवला, कांदेच आठवले?" नगर जिल्ह्यातलं पोर. कांद्याचं त्याला बरोबर लागलं.

तर तुमचे कांदे कुठले, ते लिहा. मागे फिरावंसं कधी वाटलं आणि मग काय झालं. वचनांची यादी नको, ती रविवारी मिळते. आणि एक विनंती, "जुनं जीवन" म्हणजे शेजाऱ्याचा धर्म असं समजून कोणाला टोचू नका.

शेतकरी, नेवासा तालुका

टीचरनी कांद्याचं काढलं म्हणून लिहितो, नाहीतर मी लिहिणारा माणूस नाही.

२००९ ला दारू सोडली. त्याआधीची अकरा वर्षं काय केलं ते बायकोला विचारा, मला सगळं आठवतही नाही. सोडल्यावर पहिली दोन वर्षं अवघड जातात म्हणतात. माझी सोपी गेली. सगळे पाठीशी होते, पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, दर बुधवारी घरी यायचे. अवघड दिवस आला चौदा वर्षांनी.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. माझा माल काढून पडला होता. चार-पाच दिवसांनी घोडेगावला नेला. भाव ऐकला तेव्हाच पोटात गोळा आला. विक्रीची पट्टी हातात आली. त्यातून हमाली गेली, तोलाई गेली, टेम्पोचं भाडं द्यायचं होतं. उरलं ते बियाण्याच्या उधारीलासुद्धा पुरत नव्हतं. ती पट्टी अजून बायबलमध्ये ठेवलीय, खूण म्हणून नाही, दुसरीकडे हरवते म्हणून.

येताना रस्त्याला ते हॉटेल लागतं. सगळं ओळखीचं. बाहेरची खाट, पाण्याचा ड्रम, मालक अजून नावानं हाक मारतो. मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलजनांपैकी एकाला फोन लावला, उचलला नाही. पाळकांना लावला, ते मिटिंगला. प्रार्थना केली का? नाही केली, खोटं कशाला सांगू. राग होता, आणि राग देवावरच होता. चौदा वर्षं पाळलं त्याचं हे काय दिलंस?

टेम्पोवाल्याला फक्त एवढं म्हणालो, "हॉटेलापाशी गाडी हळू करू नको." तो माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ, दरसाल वारीला जातो. एक अक्षर बोलला नाही. टॉप गियर टाकला आणि सरळ आमच्या वस्तीवर आणून सोडला. भाडंही त्या दिवशी घेतलं नाही, महिन्यानं घेतलं.

आता माझी साक्ष काय समजायची तुम्ही समजा. मला वारकऱ्यानं घरी आणलं.

आयटीवाली, पुणे

वरचं वाचून रडले आणि हसलेही.

मी मोठ्यांच्या संमतीशिवाय, नोकरीला लागल्यावर, २०१४ ला बाप्तिस्मा घेतला. घर कोकणस्थी. तपशील लिहीत नाही.

आधी एक तक्रार. आमच्या फेलोशिपमध्ये मला सारखं सांगायला लावतात, "मी अंधारात होते." मी काही अंधारात नव्हते. माझी आजी पहाटे उठून सडा घालायची, दारात आलेल्या कोणालाही उपाशी पाठवायची नाही. मी ख्रिस्ताकडे आले ती आजीच्या घरातून पळून नाही आले. मला तो हवा होता म्हणून आले. हे म्हटलं की लोक गप्प होतात.

त्यामुळे माझे कांदे म्हणजे पाप वगैरे नाहीतच. भाद्रपदातलं आमचं स्वयंपाकघर आहे. मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर येणारी वाफ, हळदीच्या पानाचा वास. पहिली पाच वर्षं आईनं मला गणपतीत बोलावलं नाही. त्या दहा दिवसांत मी मुद्दाम ओव्हरटाइम करायचे. एका वर्षी रात्री गाडी काढून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आरती ऐकली आणि परत आले. त्या रात्री कोणी "ये आत" म्हटलं असतं, तर मी सगळं सोडलं असतं. खरंच सोडलं असतं.

तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचा विचार यायचा. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात नवरा-बायको बराच काळ वेगळे राहिले. आपण टिळकांच्या धैर्याचं कौतुक करतो. मला मात्र वाटायचं, बाईंना विचारा, त्या दिवसांत रोज संध्याकाळी काय वाटत होतं ते.

सहाव्या वर्षी आईचा फोन आला, "येऊन जा." गेले. देवघराच्या खोलीत मी जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. ओट्यावर वाटीखाली झाकलेले दोन मोदक होते. म्हणाली, "नैवेद्य दाखवायच्या आधी काढून ठेवलेत. तुझे."

नैवेद्याच्या अन्नावर बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथकरांना अख्खा अध्याय लिहिला आहे. आईनं तो वाचलेला नाही.

दुबईकर, मूळचा सोलापूर

आमचं छोटं. इथे वर्षानुवर्षं मुख्य उपासना शुक्रवारी असायची, कारण सुट्टी शुक्रवारी. जेबेल अलीच्या चर्चच्या आवारात एवढी गर्दी की पार्किंग मिळायचं नाही. जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली. वाटलं, आता रविवारची उपासना, गावच्यासारखी! आणि नेमकं तेव्हापासूनच माझं जाणं सुटलं. का, ते मलाही सांगता येत नाही. छळ नाही, मोह नाही. रविवारी झोप येते, एवढंच. चौदा महिने गेलो नाही. मुलीनं विचारलं, "आपण अजून ख्रिश्चन आहोत का?" त्या आठवड्यापासून पुन्हा जातो. झोप अजूनही येते.

स्पर्धा परीक्षावाला, जालना जिल्हा

इथे सगळे मनाचं लिहितायत. मी कागदाचं लिहितो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत. माझा पणजोबा ज्या वस्तीतला, त्याच वस्तीतली माझ्या चुलत घराची मुलं एस.सी. दाखला काढू शकतात, कारण त्यांच्या घरानं मंडळी सोडली. विहीर एक होती, पाणी नाकारणारे तेच होते. जात आमच्या घरातून बाप्तिस्म्यानं गेली, गावातून गेली नाही.

तीन वेळा थोडक्यात हुकलो. तिसऱ्या वेळी चुलता म्हणाला, "कागदावर फिर. रविवारी चर्चला जा, कोण बघतंय?" फॉर्म समोर होता. धर्माचा रकाना. सायबर कॅफेवाल्यानं दोनदा विचारलं, "दादा, काय टाकू?"

'ख्रिश्चन' टाकायला सांगितलं. फार विश्वास होता म्हणून नाही. आजोबांनी मिशन शाळेच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं तेच लिहिलं होतं. ते खोडायला हात होईना. आता खाजगी शाळेत शिकवतो. पगाराचा आकडा लिहीत नाही.

आमच्याकडची एक जुनी गोष्ट सांगतो. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री. १८४३ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता, पण लहान म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातन्यांनी बाळशास्त्रींनाच धारेवर धरलं. दोन भाऊ, एक राहिला, एक परतला. आमच्या मंडळीत नारायणरावांवर भाषणं होतात. मला श्रीपतच जास्त आठवतो. त्याला कोणी विचारलं तरी का, की तुला कुठे जायचंय?

नर्स, बीड

भाऊ, तुमचा मान ठेवून सांगते. माझ्या धाकट्या भावानं कागदावर फिरून नोकरी घेतली. आईच्या डायलिसिसचे पैसे त्यातून जातात. तो रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि प्रभूभोजन घेत नाही, स्वतःहूनच. त्याला "मागे हटलेला" म्हणणाऱ्यांनी आधी आईचं बिल भरावं.

स्पर्धा परीक्षावाला, जालना जिल्हा

ताई, मी त्याला काही म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

एसटीतून निवृत्त, वसई

आम्ही कॅथलिक, सात-आठ पिढ्यांचे तरी. "विश्वासात आलो" वगैरे आमच्याकडे काही नसतं, बारशाआधीच येतो! पण जुनं जीवन आम्हालाही असतंच.

वाडीचा वाद. पूर्वी केळी होती, पानवेल होती, तेव्हा भावाभावांत बांधावरून कधी शब्द गेला नाही. बिल्डर आला, भाव आला, आणि भाऊ गेला. म्हणजे जिवंत आहे, चार घरं सोडून राहतो. आम्ही तीन वर्षं बोललो नाही. वकिलाची फी मात्र दोघांनीही वेळेवर भरली.

आमच्यात ईस्टरच्या रात्री बाप्तिस्म्याची वचनं दरवर्षी पुन्हा घ्यावी लागतात. चर्चमधले दिवे मालवतात, एका मोठ्या मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात, एकानं दुसऱ्याला द्यायची. मग फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का? त्याच्या कृत्यांचा? सगळे म्हणतात, "होय, करतो." मी दोन वर्षं "होय" म्हणालो, आणि भाऊ दोन ओळी पुढे उभा. त्याची मान मागून दिसत होती, अगदी आमच्या बाबांसारखी. तिसऱ्या वर्षी तोंडातून "होय" निघालं नाही. मेण बोटावर ओघळत होतं, तरी हात हलवला नाही. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही.

केस अजून मिटलेली नाही. पण गेल्या नाताळात त्याच्या नातवाकरवी नेवऱ्यांचा डबा आला. आम्ही तो रिकामा परत केला नाही. सध्या एवढंच आहे.

नाव नको

मी परतलेला आहे. इथे लिहू का? चालेल का?

धागा काढणारी, नगर

लिहा की. तुमच्यासाठीच जागा ठेवलीय.

नाव नको

दारूकडे गेलो नाही, देवळातही गेलो नाही. नुसता बाहेर पडलो. आमच्या मंडळीत दोन गट झाले, मालमत्तेवरून. निवडणूक, मग केस, मग एका रविवारी वेदीसमोर ढकलाढकली. माझ्या मुलीच्या हातात दानाची पिशवी होती, ती घाबरून खाली पडली. नाणी बाकांखाली घरंगळली आणि दोन्ही गटांतले लोक ती गोळा करायला वाकले. तो एकच क्षण सगळे एकत्र. मी मुलीचा हात धरला आणि बाहेर आलो. सहा वर्षं झाली.

लोक म्हणतात, मंडळी सोडली, ख्रिस्ताला नाही ना? मला खरंच माहीत नाही. रात्री झोपताना कधी हात जोडले जातात, कधी नाही. अंघोळीच्या वेळी चर्चमधलं एखादं पद तोंडात येतं. त्याला विश्वास म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

निवृत्त पाळक, सातारा

ठरवायचं काम आपलं नाही. दोन गोष्टी सांगतो, उपदेश नको म्हटलंय म्हणून आटोपशीर.

पौल तुरुंगातून तीमथ्याला शेवटचं पत्र लिहितो. चौथ्या अध्यायात १०व्या वचनात आहे देमास, जो त्याला सोडून गेला. त्यावर आम्ही पाळक लोकांनी आयुष्यभर प्रवचनं झोडली. पण लगेच पुढच्या वचनात मार्क आहे, त्याला घेऊन ये म्हणतो, तो उपयोगी आहे. हा मार्क म्हणजे पौलाच्या पहिल्या सेवाप्रवासात पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर घरी परतलेला गडी. त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही, यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा भांडून वेगळे झाले होते. चाळीस वर्षांच्या सेवेत मी देमासावर नऊ-दहा वेळा बोललो असेन. मार्कावर एकदा. माझ्या वहीत तारखा आहेत.

दुसरं आमच्या साताऱ्याचं. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि इथे 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र संगत सुरू केली. १९१९ ला गेलेच ते. मिशनमधल्या कित्येकांना तेव्हा तेही मागे फिरणंच वाटलं असेल.

शेतकरी, नेवासा तालुका

नाव नको भाऊ, ती नाणी गोळा करायला वाकलेल्यांत मीही असू शकतो. आमच्याकडेही असंच झालं होतं. मी कोणत्या गटात होतो ते विचारू नका, लाज वाटते.

धागा काढणारी, नगर

नाव नको दादा, तुम्हाला या म्हणणार नाही. फक्त विचारते, अंघोळीला कुठलं पद येतं?

नाव नको

ते सांगत नाही. दुसऱ्या कडव्यापासून माझी चाल चुकते.