लाडकी बहीण: बाजारात पैसा फिरला, पण आला कुठून?

उधारीची_वही:
"दीड हजार म्हणजे रेवडी" हे ऐकून कान किटले. माझं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. जुलै २०२४ पासून महिलांच्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकणारी लाडकी बहीण योजना लागू झाली आणि हप्ता जमा झाला की दोन-चार दिवसांत जुनी उधारी चुकती व्हायला लागली. तेलाचा पुडा, चहापूड, पोरांच्या वह्या. मी तेच पैसे होलसेलवाल्याला देतो, तो हमालाला. जीएसटीतून थोडे सरकारकडे परतही जातात. २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा रेवडी हा शब्द कुणाला आठवला नाही!

पगारदार:
+१. फक्त त्या रेवडीत माझाही इन्कम टॅक्स आहे, एवढं लक्षात असू द्या.

खडी_डांबर:
शेठ, तुमची वही मोकळी झाली, माझी भरली. रस्त्याचं काम संपवून बिल टाकलं त्याला वर्ष होत आलं. कार्यालयात गेलं की एकच उत्तर, "निधी आला की बघू." रोलरवाला दारात येऊन बसतो, खडीवाला फोन उचलत नाही. माझ्याकडची माणसं घरी बसली, तीही कुठल्यातरी दुकानातून किराणा भरत होतीच ना? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेला ३६ हजार कोटी आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. म्हणजे रोजचा खर्चच उत्पन्नात भागत नाही. राज्याला नोटा छापता येत नाहीत. रोखे विकून कर्ज काढायचं आणि व्याज पुढच्यांनी फेडायचं.

उधारीची_वही:
दादा, तुमचं बिल थकलं हा अन्यायच. पण ठेकेदारांची बिलं थकायला २०२४ उजाडावं लागलं होतं का?

खडी_डांबर:
थकायची, पण मार्च अखेरीला सुटायची.

पाझर_तलाव:
दोघेही खर्चावर भांडताय, कराबद्दल कुणी बोलेना. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नालाबंडिंगला माणसं लावली, त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना (रोहयो) राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदार, तुमच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना? ते हेच. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरीची सोय, आणि तीही उघडपणे कर लावून. आता बघा. लाडकी बहीण जाहीर झाली जून २०२४ च्या अर्थसंकल्पात. त्याच भाषणात मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट कमी केला. एका हाताने देणं वाढवलं, दुसऱ्या हाताने येणं कमी केलं. नोव्हेंबरात निवडणूक होती, हे वेगळं सांगायला नको. माझा विरोध दीड हजाराला नाही, या हिशेबाला आहे.

पिको_फॉल:
मी लाभार्थी आहे, म्हणून लिहिते. रोहयोचं कौतुक मान्य, पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना मी खडी फोडायला कशी जाणार? पिको-फॉलचं मशीन हप्त्यावर घेतलंय, दर महिन्याचा हप्ता यातून जातो. पैसे माझ्या खात्यात येतात, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. शेजारणीला नमो शेतकरी या शेतकऱ्यांच्या योजनेचे पैसे मिळतात म्हणून इथून फक्त ५००. निवडणुकीत २१०० म्हणाले होते, त्याचं नावही कुणी काढत नाही. आणि तुम्ही आम्हालाच रेवडीखाऊ म्हणता.

पाझर_तलाव:
ताई, तुम्हाला नाही म्हटलं. पण संजय गांधी निराधार योजनेत निराधार बाईला दीड हजारच मिळतात आणि तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांची. इथे अडीच लाखांची. निराधार बाईला कागद गोळा करून तहसीलला खेटे घालावे लागतात, इथे निवडणुकीआधी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवलं की काम झालं. छाननी आठवली ती मतं पडल्यावर.

पगारदार:
मग उपाय काय? आणखी एक कर?

पाझर_तलाव:
हो. व्यवसाय कराची कमाल आजही वर्षाला २५०० आहे, कारण राज्यघटनेतच ती मर्यादा आहे. वीस हजारवाल्याला तेवढाच आणि महिना पाच लाख कमावणाऱ्यालाही तेवढाच. ती मर्यादा वाढवायला केंद्राकडे जावं लागेल, त्यासाठी भांडणारा खासदार दाखवा.

खडी_डांबर:
खासदार नंतर शोधा. नवा कर आला तरी आधी माझं बिल.