मदत हवी आहे: सायकलच्या हेडसेटचं (हँडल आणि फोर्क फिरतो तो सांधा) खालचं बेअरिंग फुटलंय, बाहेरची रिंग फ्रेममध्येच अडकलीय

नमस्कार मंडळी,

सायकल २९ इंची हार्डटेल (मागं सस्पेन्शन नसलेली) आहे, फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढे सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून फोर्कचा दांडा वर येतो) टेपर्ड म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद. मी कोल्हापूरचा, फिरणं जास्त करून पन्हाळा, जोतिबा आणि मसाई पठाराकडं, त्यामुळं पावसाळ्यातला तांबडा चिखल काय करतो ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आधी त्रास एवढाच होता की हँडल सरळ केलं की मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकायचं आणि चढाला हळू चालवताना सायकल सरळ राहायचीच नाही, सारखं सावरत बसायचं. मग पुढचा ब्रेक दाबला की कट्ट आवाज यायला लागला. चाक आडवं वळवून, पुढचा ब्रेक धरून, हेड ट्यूब आणि फोर्कच्या सांध्यावर बोटं ठेवून सायकल पुढंमागं हलवली तर बोटांना हालचाल स्पष्ट लागत होती, म्हणजे सस्पेन्शनच्या बुशचा खेळ (ढिलेपणा) नव्हता. टॉप कॅप (सगळ्यात वरचं झाकण) आवळली तर हँडल जड, ढिली केली की परत खेळ.

शेवटी सगळं खोललं. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) बाजूचे बोल्ट ढिले केले, टॉप कॅप काढली, स्टेम हँडलसकट बाजूला, स्पेसर काढले तरी फोर्क खाली येईना कारण वरची चीर असलेली कॉम्प्रेशन रिंग गच्च बसलेली, स्टिअरर ट्यूबच्या (फोर्कच्या दांड्याच्या) डोक्यावर रबरी हातोडी हलकी मारल्यावर सुटली. वरचं बेअरिंग चांगलं आहे, त्यावर ४१.८ (बाहेरचं माप, मिमी) आणि ४५/४५ (आतल्या-बाहेरच्या कडांचे कोन) अजून वाचता येतंय. खालचं मात्र पार संपलंय. सील फाटलेलं, आतली रिंग फोर्कबरोबर खाली आली, छर्रे फरशीवर सांडले, त्यातले अर्धे काळे पडलेले आणि काहींना खड्डे, ग्रीसच्या जागी नुसता गंजाचा भुगा. आणि बाहेरची रिंग हेड ट्यूबमध्ये तशीच चिकटून बसलीय.

आता खरी भीती अशी की या फ्रेमला वेगळे कप (बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) नाहीत, बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसतं. कप असते तर कप बदलले असते, इथं ती बैठकच खराब झाली तर फ्रेम गेली. एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले छिन्नी लावून ठोकून काढू, नाही निघाली तर बघू. मी सायकल परत घेऊन आलो.

दुसरा प्रश्न. उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात आतली रिंग आणि फ्रेमचं माप दाखवलं, त्यांनी व्हर्नियर लावला, आत ४०, बाहेर ५२, जाडी ७ मिमी, आणि लगेच ६८०८ नंबरचं बेअरिंग काढून दिलं, दोन्ही बाजूंना सीलवालं. मापं तंतोतंत जुळतात. हे चालेल का? आणि मुळात ती रिंग फ्रेमला धक्का न लावता काढायची कशी? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, पन्हाळ्याच्या उतारावर हँडलशी खेळ नको.

प्रतिसाद

६८०८ अजिबात बसवू नका. माप जुळतं हे खरं, पण ते डीप ग्रूव्ह बेअरिंग आहे, कडा चौकोनी असतात. हेडसेटचं अँग्युलर काँटॅक्ट असतं, बाहेरची कड ४५ अंशात उतरती आणि ती फ्रेममधल्या तसल्याच उतरत्या बैठकीवर टेकते, आतली कड क्राउन रेसवर (फोर्कच्या दांड्याच्या बुडाशी बसवलेली रिंग) टेकते. चौकोनी बेअरिंग तिथं फक्त एका बारीक रेषेवर टेकणार, खड्ड्यात आदळलं की ती रेष फ्रेमच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसणार. शिवाय टॉप कॅपचा दाब आणि चाकाचे धक्के तिरके आणि वरून-खालून येतात, ६८०८ मुख्यतः आडव्या भारासाठी बनवलेलं असतं.

ऑर्डर करताना बाहेरचं माप, आतलं माप, जाडी आणि दोन्ही कोन अशी सगळी माहिती लागते. खालच्या ५२च्या बेअरिंगमध्ये ७ आणि ८ दोन्ही जाडीची मिळतात, चुकीची घेतली तर एकतर फोर्क फ्रेमला घासतो नाहीतर फट राहते. आणि आतला कोन ३६ पण असतो, ४५ पण असतो. वरचं ४५/४५ आहे म्हणून खालचं तसंच असेल असं धरून चालू नका. चौकोनी जाड कागद घ्या, कर्णावर घडी घाला, झाला ४५चा गेज. क्राउन रेसच्या उतारावर धरा, उजेड दिसला नाही तर ४५, फट दिसली तर ३६.

प्रतिसाद

रिंगबद्दल सांगतो. छिन्नीवाल्याकडून परत आणलीत ते बरं केलंत. एका बाजूनं ठोकलं की रिंग तिरकी होऊन अजून रुतते आणि बैठकीवर ओरखडा येतो.

फ्रेम उलटी करा म्हणजे खालचं तोंड वर येईल, रिंगच्या कडेनं गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या, सकाळी परत एकदा सोडा. मग हेड ट्यूबला बाहेरून फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओता, केबल आतून जात असतील तर त्या आधी बाजूला घ्या. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं पकड सुटते. गॅसची बर्नर-बिर्नर लावू नका, रंग तर जाईलच पण हीट ट्रीटमेंट केलेली फ्रेम कमजोर होते. गरम असतानाच आतून पकडणारा बेअरिंग पुलर लावा. सायकलवाल्याकडं नसेल तर मोटरसायकलच्या मेकॅनिककडं असतो, चाकाची बेअरिंगं तो त्यानंच काढतो. रिंगच्या आत छर्ऱ्यांची खाच आहेच, पुलरची नखं तिथं अडकतात. सरळ ओढा, थोडं थोडं.

आणि हँडल मधोमध अडकतं त्याचं कारण पण सांगून ठेवतो. चाकाचं बेअरिंग गोल फिरत राहतं, हेडसेटचं सरळ रस्त्यावर दोन-चार अंशच हलतं, म्हणजे प्रत्येक धक्का त्याच छर्ऱ्यांना त्याच जागी. ग्रीस धुवून गेलं की तिथं खळगे पडतात. पुढच्या चाकाचं सगळं पाणी खालच्या बेअरिंगवर उडतं म्हणून तेच आधी जातं. धुताना प्रेशरचा पाइप तिथं मारू देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! रिंग निघाली! तेल, उकळतं पाणी आणि आमच्या गल्लीतल्या टू-व्हीलर मेकॅनिकचा पुलर, तिसऱ्या हिसक्याला टक् करून सुटली. बैठकीवर काळे डाग आहेत पण नख फिरवलं तर कुठं अडकत नाही. कागदाचा गेज क्राउन रेसवर बरोबर बसला, म्हणजे ४५. जुन्या आतल्या आणि बाहेरच्या रिंगा जुळवून जाडी ७च भरली, तसंच मागवलंय आणि वरचंही सोबत मागवलं कारण एवढं सगळं परत कोण खोलणार.

एकच विचारायचं राहिलं, फोर्कवरची क्राउन रेस अखंड आहे, चीर नाही, ती पण ठोकून काढून बदलायला लागेल का? आणि बसवताना काय सांभाळू?

प्रतिसाद

क्राउन रेस राहू द्या. तुमच्यासारख्या कार्ट्रिज (छर्रे रिंगांमध्येच बंद असलेल्या) बेअरिंगमध्ये छर्रे तिच्यावर फिरत नाहीत, बेअरिंगची आतली रिंग तिच्यावर नुसती बसते, त्यामुळं ती सहसा झिजत नाही. वाकलेली किंवा खोल गंजलेली नसेल तर पुसून, पातळ ग्रीस लावून तशीच वापरा.

बैठकीतले काळे डाग फडक्यानं पुसा, पॉलिश पेपर लावू नका. फ्रेमच्या बैठकीला आणि बेअरिंगला बाहेरून भरपूर ग्रीस फासा, पुढच्या पावसाळ्यात पाणी अडवायला आणि पुढच्या वेळी रिंग हातानं निघायला तेच कामाला येणार आहे. खालचं बेअरिंग बसवताना आतला उतार खाली क्राउन रेसकडं आणि बाहेरचा उतार वर फ्रेमकडं, वरच्याचं बरोबर उलट. उलटं घातलं तर गच्च होईल, फिरणार नाही.

फोर्क चढवल्यावर स्टिअररचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिमी खाली असलं पाहिजे, नाहीतर टॉप कॅप नुसती ट्यूबवर टेकेल आणि खेळ जाणारच नाही. स्टेमचे बोल्ट ढिले ठेवून आधी टॉप कॅप थोडी थोडी आवळा, खेळ गेला आणि पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपोआप एका बाजूला पडलं की थांबा. मग स्टेम चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून आवळा, टॉर्क स्टेमवर छापलेला असतो, बहुतेक ५ ते ६ न्यूटन मीटर. पहिल्या राइडनंतर ब्रेक धरून परत तपासा, नवीन बेअरिंग थोडं बसतं आणि जरासा खेळ येतो, तेव्हा आधी स्टेमचे बोल्ट ढिले करा, मग टॉप कॅपला हात लावा.