सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी इंजिन बसलं, आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतायत "दगड लागला असं लिहून द्या"

घाटातला_खोळंबा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण पूर्ण वाचा प्लीज, डोकं चालेनासं झालंय. माझी २०१७ ची डिझेल हॅचबॅक आहे, रनिंग ८२ हजार. गेल्या शुक्रवारी पुण्यात अधिकृत सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) पेड सर्व्हिसिंगला दिली, ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, वॉशिंग वगैरे धरून ७,४०० बिल झालं. संध्याकाळी गाडी घरी आणली. शनिवारी सकाळी बायको, मुलगी आणि आई असे चौघे कराडला निघालो. खेड शिवापूरचा टोल, शिरवळला चहा, सगळं मस्त. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात ऑइलचा लाल दिवा लागला. आता खरं सांगतो, मी लगेच थांबलो नाही. मागे ट्रकची रांग, घाटात बाजूला घ्यायला जागा नाही, आणि चढावर ऑइल मागे जातं म्हणून दिवा लुकलुकतो असं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून म्हटलं घाट उतरून सुरूर फाट्याला बघू. तीन-चार किलोमीटर गेलो असेन, आधी टकटक आवाज, मग एकदम धाड धाड आणि गाडी बंद. सेल्फ मारला तर नुसतं टक्. फाट्यावरच्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला साहेब चेंबरचा बोल्टच नाहीये (चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, ऑइल काढायचा बोल्ट त्याच्या तळाला असतो).

काल फ्लॅटबेडवरून गाडी त्याच सर्व्हिस सेंटरला आणली (टोइंगचे पैसे वेगळे गेले). आधी म्हणाले आमच्याकडून असं होऊच शकत नाही. मग म्हणाले दिवा लागल्यावर तुम्ही चालवली ना, मग इंजिन तुमच्यामुळे गेलं. एस्टिमेट दिलंय १ लाख ३८ हजार. आणि आज अ‍ॅडव्हायझरने बाजूला घेऊन सांगितलं की सर, तुमच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट आहे, क्लेम फॉर्मवर "रस्त्यात दगड लागून चेंबर फुटला" एवढं लिहा, बाकी आम्ही इन्शुरन्सच्या सर्व्हेयरशी (नुकसान तपासणाऱ्याशी) बोलतो, तुमच्या खिशातून फार काही जाणार नाही. उद्या सकाळी सही करायला बोलावलंय. घरचे म्हणतायत कर आणि मोकळा हो. काय करू?

लालदिवा_म्हणजे_थांबा

लाल दिव्यावर चार किमी?? वरून घाट चढवला? पिवळा दिवा असता तर समजू शकतो, लाल म्हणजे इग्निशन बंद, मग मागे ट्रक असो नाहीतर रणगाडा. सॉरी पण पन्नास टक्के चूक तुमची.

घाटातला_खोळंबा

मान्य आहे हो, म्हणूनच आधीच लिहून टाकलं. आई मागे बसलेली, मुलगी पेंगत होती, घाटात मध्येच उभं राहायची भीती वाटली. असो.

पाना_नंबर_चौदा

माझं स्वतःचं गॅरेज आहे साताऱ्याकडे, बावीस वर्षं हेच करतोय त्यामुळे गॅरेजवाल्याच्या बाजूने पण आणि तुमच्या बाजूने पण सांगतो. पहिलं म्हणजे उद्या सही करू नका आणि तुम्ही हजर नसताना इंजिन खोलू देऊ नका. आजच्या आज ईमेल टाका की माझ्या लेखी परवानगीशिवाय चेंबर, फिल्टर, इंजिन कशालाच हात लावायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप पण चालेल पण ईमेल बरा. एकदा का चेंबर उतरवून धुतला की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही, आणि असल्या केसमध्ये चेंबर फार लवकर धुतला जातो, एवढंच म्हणतो.

आता बघायचं काय. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. चेंबरला चेप किंवा तडा आहे का? दगड लागून ऑइल जायचं तर पत्रा आत जातो नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर चिरतो. भोकातून बोल्ट तेवढा अलगद काढून नेणारा दगड मी तरी अजून बघितला नाही. मग बोल्टच्या भोकातले आटे बघा, टॉर्च मारून. आटे चांगले असतील तर बोल्ट हातानेच फिरवून सोडलेला, पाना लावायचा राहिला, थरथरीने निघत निघत पडला. आटे गेलेले असतील तर कुणीतरी वाकडा बसवून गनने (मशीनच्या पान्याने) जोर लावलाय, तो पण नंतर सुटतोच. ऑइल बदलल्यावर ७०-८० किमीत हे झालं असेल तर दोन्हीकडून बोट सर्व्हिस सेंटरकडेच जातं. ऑइल कुठून कुठे उडालंय तेही घ्या, बोल्टच्या भोकापासून मागे सायलेन्सर, मागची पट्टी सगळं माखलेलं असेल, आणि फिल्टरच्या बाजूला कोरडं असेल तर फिल्टर लीक होता असं नंतर म्हणता येणार नाही.

होतं काय माहितीये का, ऑइल निथळायला पंधरा मिनिटं ठेवतात, तेवढ्यात पोरगा दुसऱ्या गाडीकडे जातो किंवा जेवायची सुट्टी होते, परत आल्यावर बोल्ट हाताने लावलेला दिसतो, त्याला वाटतं टाइट केलाय. माझ्याकडे पण एकदा झालंय, फक्त गाडी गेटबाहेर जायच्या आधी दिसलं. तेव्हापासून टाइट केलेल्या बोल्टवर पेंटची रेघ मारल्याशिवाय बॉनेट बंद करायचं नाही असा नियम आहे आमच्यात.

दिव्याचं म्हणाल तर वरचे भाऊ बोलले ते खरं आहे पण अर्धंच. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, प्रेशर गेल्याचा असतो. तुमच्या इंजिनात तीन लिटरच्या आसपास ऑइल, बोल्ट पडल्यावर ते मिनिट-दोन मिनिटांत रस्त्यावर. दिवा लागला तेव्हा पंप हवाच ओढत होता. तिथल्या तिथे बंद केली असती तर बेअरिंगवर भागलं असतं कदाचित. चार किमी चढाला चालवल्यामुळे क्रँक, रॉड आणि बहुतेक टर्बो पण गेला असणार. तेवढा वाटा तुमच्याकडे येणारच, ते लपवायला जाऊ नका.

अजून एक, रात्री गाडी जिथे उभी होती तिथे डाग आहे का बघा.

घाटातला_खोळंबा

पाना दादा, आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. आहे!! वाटीएवढा डाग आहे, ताजा, माझ्याच स्लॉटमध्ये, आणि बाजूच्या काकांनी रविवारी वॉचमनला झापलंय म्हणे की कुणाची गाडी गळते. फोटो काढले, काकांना पण दाखवलं. म्हणजे रात्रीपासूनच गळत होतं आणि मी सकाळी डिकीत बॅगा भरताना खाली बघितलंसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे बिलात "ड्रेन प्लग वायसर १ नग" चे पैसे लावलेत.

पाना_नंबर_चौदा

ते बिल लॅमिनेट करून ठेवा 😄 बोल्ट त्यांनी उघडला हे त्यांनीच लिहून दिलंय.

क्लेमवाली_मावशी

मी मोटार इन्शुरन्समध्ये काम केलंय, आता सोडलं. दगडाची गोष्ट लिहू नका. खोटं आहे हे तर आहेच, शिवाय तुम्हीच अडकाल. तुमच्या सहीने फॉर्मवर "दगड लागला" आलं की उद्या सर्व्हिस सेंटरविरुद्ध कुठेही गेलात तरी ते तोच कागद पुढे करतील, साहेब यांनी स्वतःच लिहिलंय की रस्त्यात लागलं, आमचा काय संबंध. त्यांना तुमची काळजी नाहीये, त्यांना त्यांच्या विरुद्धचा पुरावा तुमच्याच हाताने खोडायचाय. आणि सर्व्हेयर आला, चेंबर अखंड बघितला, तर क्लेम नाकारणार, खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसीवर पण संकट. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) किती आहे तुमचा? क्लेम झाला की तो शून्यावर येतो, आणि तेव्हा हे सर्व्हिस सेंटरवाले सोबत नसतात.

खरं कारण लिहून क्लेम बसेल का असं विचाराल तर अवघड आहे. साध्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि त्यातून होणारं पुढचं नुकसान वगळलेलं असतं. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असतं ते मुख्यतः पाणी शिरलं किंवा खालून मार लागून ऑइल गळलं तर, आणि प्रत्येक कंपनीची वाक्यरचना वेगळी, त्यामुळे पॉलिसीचा तो परिच्छेद नीट वाचा. पण वर्कशॉपने बोल्ट घट्ट केला नाही हा अपघात नाही, त्यांची चूक आहे, पैसे त्यांच्याकडूनच यायला पाहिजेत.

स्कूटरवाली_नाशिककर

माझा छोटा किस्सा. स्कूटरला खाली दोन नट असतात, एक इंजिन ऑइलचा एक गिअर ऑइलचा. आमच्या कोपऱ्यावरच्या पोराने चुकून गिअर ऑइल काढलं आणि इंजिनात जुनं ऑइल तसंच ठेवून वर नवीन ओतलं. दोन दिवसात मागून गुर्र गुर्र आवाज. नेली तर गॅरेजवाले मामा स्वतः म्हणाले ताई आमच्याच पोराचं चुकलं, गिअरबॉक्सच्या बेअरिंगा बदलून दिल्या, एक रुपया घेतला नाही, वर चहा. मोठ्या एसी लाउंजवाल्यांपेक्षा हे बरे असं माझं झालंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये हे पण राहवलं नाही.

कलम_बिलम

वकील आहे पण ग्राहक आयोगात जायला वकील लागतोच असं नाही. क्रम सांगतो. आधी सर्व्हिस सेंटरच्या वर्क्स मॅनेजरला आणि कार कंपनीच्या कस्टमर केअरला एकाच ईमेलमध्ये लिहा. कंपनी म्हणेल डीलर स्वतंत्र आहे, आमचा संबंध नाही, म्हणू दे, तरीही लिहा, कारण वरून फोन आला की डीलर हलतो. ईमेलमध्ये रागाचं एक वाक्य नको, नुसते आकडे आणि वेळा. जॉब कार्डवर गाडी बाहेर पडतानाचं रीडिंग, बंद पडली तेव्हाचं रीडिंग, फास्टॅगच्या मेसेजमधली टोलची वेळ, टोइंगची पावती, पार्किंगचा फोटो. लाल दिव्याचं पण स्वतःहून लिहा, लपवलेलं नंतर बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टी पण खोट्या वाटायला लागतात.

दुसरं, स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेयर किंवा ऑटोमोबाइलवाल्या माणसाचा लेखी रिपोर्ट घ्या, इंजिन खोलताना त्याला उभा करा. खर्च होईल पण अशा तक्रारी आपटतात त्या इथेच, मेकॅनिक तोंडी म्हणाला यावर आयोग पैसे देत नाही.

त्यांनी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात, सेवेतली त्रुटी म्हणून. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन होते, मुदत दोन वर्षं. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं, फी ठरते ती तुम्ही सेवेसाठी दिलेल्या पैशावर, नुकसानीच्या आकड्यावर नाही. तुमचं बिल ७,४००, पाच लाखांपर्यंत फी शून्य. निकालाला वेळ लागतो हे मात्र धरून चाला, कायद्यात तीन-पाच महिने लिहिलेत, कायद्यातच.

मुलुंडचा_मुलगा

माझ्या भावाची गाडी ट्रायल घेताना मेकॅनिकने खांबाला ठोकली आणि वर बोर्ड दाखवला, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. त्याचं पण हेच का?

कलम_बिलम

ते वेगळं. तिथे गाडी त्यांच्या ताब्यात होती, भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १५१, दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना शहाणा माणूस स्वतःची जशी जपतो तशी जपायची. नुसता बोर्ड लावून निष्काळजीपणा धुतला जात नाही. यांची गाडी ताब्यातून बाहेर पडल्यावर गेली म्हणून यांचा मुद्दा कामातल्या चुकीचा.

घाटातला_खोळंबा

तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी, मधे वेळच झाला नाही. सही केली नाही. अ‍ॅडव्हायझरला सांगितलं की तुम्ही जे तोंडी म्हणताय ते ईमेलवर पाठवा, त्यानंतर दगडाचा विषय परत कुणी काढलाच नाही. कलम दादांनी सांगितलं तसा ईमेल टाकला (८२,३१६ ला गाडी बाहेर, ८२,३८९ ला बंद, म्हणजे ७३ किमी, हे एवढं एक वाक्य मी ठळक केलं). पाच दिवस काही नाही. मग १९१५ वर टाकलं, आठव्या दिवशी वर्क्स मॅनेजरचा स्वतःहून फोन. सर्व्हेयर घेऊन गेलो, साडेतीन हजार घेतले त्यांनी पण वसूल झाले. चेंबरला ओरखडा नाही आणि आटे एकदम नव्यासारखे. पाना दादा, तुमचं ते वाक्य मी तिथं म्हणून दाखवलं, बोल्ट काढून नेणारा दगड, मॅनेजर हसला नाही पण त्याच्या मागचा पोरगा हसला. त्या पोराचं वाईट वाटलं खरं, एकोणीस-वीस वर्षांचा असेल, बोल्ट त्यानेच लावलेला म्हणे.

आधी म्हणाले गुडविल म्हणून पार्ट्सवर तीस टक्के डिस्काउंट देतो. मी म्हटलं गुडविल शब्द काढा, चूक झाली असं लिहा, मग बोलू. ते लिहिलं नाहीच. शेवटी हाफ इंजिन (इंजिनाचा खालचा अर्धा भाग, ब्लॉकसकट) आणि सगळी मजुरी त्यांची, टर्बो माझ्या खिशातून, ऑइल-कूलंट त्यांचं, टोइंग अर्धं अर्धं. मला एकूण ३० हजारांच्या वर गेले. आयोगात गेलो असतो तर कदाचित जास्त मिळालं असतं पण गाडीशिवाय आईच्या डायलिसिसच्या फेऱ्या रिक्षाने चालल्या होत्या, आठवड्यातून दोनदा, त्यामुळे घेतलं. वॉरंटी मात्र नवीन इंजिनवर एक वर्ष किंवा वीस हजार किमी अशी बिलावर लिहून घेतली. परवा गाडी मिळाली. रोज सकाळी खाली वाकून बघतो, सोसायटीत हसतात.

लालदिवा_म्हणजे_थांबा

बरं झालं. तेव्हा जरा जास्तच बोललो.

पाना_नंबर_चौदा

हाफ इंजिन बदललं म्हणताय म्हणजे ब्लॉक नवीन आला. इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो. आरसीवर चढवायला आरटीओचे कागद दिलेत का त्यांनी? इन्शुरन्सवाल्यांना पण कळवायला लागतं.

घाटातला_खोळंबा

अरे देवा. हे कुणी बोललंच नाही. उद्या दहाला त्यांच्या दारात उभा राहतो.